बाना चिसांगांचे कान आणि माझा कापूस

सन्माननीय अध्यक्ष श्री. काफुला, प्रमुख पाहुण्या म्हणून लाभलेल्या सिस्टर बेर्नार्डा, व्यासपीठावरचे आपल्या रेडिओ केंद्राच्या समितीचे सर्व सभासद, आजच्या सत्कारमूर्ती श्रीमती फेलिस्टस चिलुफ्या आणि त्यांचे कुटुंबीय, कासामाच्या चारी वाटांनी आलेले आपले श्रोते, आणि बाहेर आंब्याखाली पातेली सांभाळत बसलेल्या मावश्यांनो, सर्वांना माझा नमस्कार.

तंत्रज्ञाला सहसा भाषणाला उभं करत नाहीत. तो वायर जोडतो आणि मागे सरतो. माईकने शिट्टी मारली तरच सभेला त्याची आठवण होते. पण अध्यक्ष म्हणाले, "मुकुका, तू बाना चिसांगांबरोबर अकरा वर्षं काम केलंस, दोन गोड शब्द बोल." गोड शब्द मी लिहून आणले आहेत. ते खिशात आहेत आणि बहुधा तिथेच राहतील.

कागदावर त्या फेलिस्टस चिलुफ्या. पण बाजारात त्या नावाने हाक मारलीत तर कोणी वळूनही बघणार नाही. तुमच्याआमच्यासाठी त्या चिसांगाची आई, बाना चिसांगा. संध्याकाळी साडेसहाला मृत्यूच्या सूचना वाचणारा आवाज. आपल्या भागात माणूस गेला की घरचे आधी रडतात आणि मग केंद्रावर फोन करतात. दफन कुठे, कोणत्या दिवशी, किती वाजता, हे बाना चिसांगांनी वाचलं की ते ठरलं. शेवटी त्या म्हणायच्या, "ज्यांनी ऐकलं त्यांनी न ऐकलेल्यांना सांगावं." पंचवीस वर्षांत त्यांनी किती जणांना शेवटच्या भेटीला वेळेवर पोचवलं असेल? त्याची मोजदाद कोण ठेवणार?

आता थोडं माझ्या कामाबद्दल. आमच्या स्टुडिओत वाचणारे तिघं आणि इअरफोन एकच. काचेपलीकडे बसून फोन घेणारा कलासा जे सांगतो ते त्यातून वाचणाऱ्याच्या कानात येतं. इअरफोन सगळ्यांचा, पण त्याच्या टोकावरची सिलिकॉनची टोपी, जिला आम्ही रबर म्हणतो, ती ज्याची त्याची. बाना चिसांगांचं रबर तपकिरीच्या डबीत असायचं. ही रबरं दर बुधवारी धुणं माझ्याकडे. हे काम मला शाळेत कोणी शिकवलं नाही, यांनीच शिकवलं. पहिल्याच आठवड्यात मी रबर इअरफोनवर तसंच ठेवून ओल्या फडक्याने पुसायला लागलो, तेव्हा ओरडल्या होत्या, "अरे, पोराला अंघोळ घालताना कपडे काढतोस की नाही? ते आधी उतरव!"

मग रीत दाखवली. रबर उतरवायचं. कोमट पाण्यात साबणाचा एक थेंब. दोन बोटांत हलकं चोळायचं, आतली मळी आपसूक सुटते. टोकदार काही आत घालायचं नाही. स्वच्छ पाण्यातून काढून फडक्यावर वाळवायचं. आणि बसवायच्या आधी उजेडाकडे धरून बघायचं. भोकातून पलीकडची खिडकी दिसली पाहिजे. "मुकुका, खिडकी दिसली?" हे त्या मला दर बुधवारी विचारायच्या. मी म्हणायचो, "दिसली, आई. खिडकीत तुमची सवतही दिसली." सगळे हसायचे. त्याही हसायच्या.

एप्रिलमधल्या त्या बुधवारी पाणी नव्हतं. मावश्यांनो, तुम्हाला आठवत असेल, पाईप फुटला होता आणि सगळी कासामा डबे घेऊन चर्चच्या बोअरवर उभी होती. मला रांगेत उभं राहायचं नव्हतं. मी काडीला कापूस गुंडाळला, तो जरा ओला केला, रबराच्या भोकात फिरवला आणि बाहेर काढला. रबर बसवलं. खिडकी बघितली नाही.

साडेसहाला बाना चिसांगा खुर्चीत बसल्या, इअरफोन लावला आणि काचेतून मला म्हणाल्या, "मुकुका, आवाज अगदी दुरून येतोय रे."

मी काय म्हणालो? इथे बसलेल्या निदान चौघांनी ते ऐकलंय. मी म्हणालो, "आई, आवाज होता तिथेच आहे. तुमचे कानच पेन्शनीत निघाले."

खूप हसलो आम्ही. केंद्रावर हा विनोद पुढे महिनाभर चालला.

त्या दिवशी सूचना होती मुंगवीच्या शिकापासा आजोबांची. दफन शुक्रवारी, सकाळी दहा. त्यांनी ती एकदा वाचली. तेवढ्यात आजोबांच्या पुतण्याचा फोन आला. शवागाराचं यंत्र बंद पडलं होतं, म्हणून दफन उद्याच, गुरुवारी. कलासाने त्यांच्या कानात तीनदा सांगितलं, "गुरुवार, आई, गुरुवार." त्यांनी मान हलवली. आता, बाना चिसांगा वाचताना मान हलवतातच. भिंतीवर पाल दिसली तरी हलवतात. कलासाला वाटलं, समजलं. दुसऱ्यांदा वाचताना त्या पुन्हा शुक्रवारच म्हणाल्या. कलासा काचेवर हात आपटायला उठला, आणि सात वाजले. वीज गेली. त्या महिन्यात ती रोज सातलाच जात होती, आणि जनरेटरमध्ये डिझेल नव्हतं. सकाळी सहाला आम्ही चूक सुधारून सूचना वाचली. पण लुवींगूहून इकडे येणारी गाडी पाचलाच सुटते.

लुवींगूला राहणारी आजोबांची मुलगी तोवर शेतात गेली होती. ती शुक्रवारी पोचली, तेव्हा कबरीवरची माती वरून सुकली होती.

ती आपल्या अंगणात आली. मला वाटलं होतं, ओरडेल. ती ओरडली नाही. बाना चिसांगांसमोर उभी राहिली आणि म्हणाली, "काल मी दिवसभर शेतात शेंगा उपटत होते. तिकडे माझ्या बापाला खाली सोडत होते आणि मी गाणं म्हणत शेंगा उपटत होते. तुम्ही शुक्रवार म्हणालात ना, म्हणून."

बाना चिसांगा म्हणाल्या, "लेकी, माझे कान गेले गं. मला माफ कर."

मी तिथे चार पावलांवर उभा होतो. आणि तेव्हा मला माहीत होतं.

होय, माहीत होतं. आदल्या दिवशीच, गुरुवारी सकाळी, मी ती डबी उघडली होती. रबर उजेडाकडे धरलं तर खिडकी दिसली नाही. भोकात कापसाचा बोळा होता, शेंगदाण्याच्या फोलाएवढा, मळीने चिकटून बसलेला. माझ्या काडीवरून सुटलेला. मी तो चिमट्याने काढला, रबर रीतीप्रमाणे धुतलं, वाळवलं आणि बसवलं. त्या संध्याकाळी बाना चिसांगा म्हणाल्या, "आज बरा येतोय आवाज." मी म्हणालो, "हो का? हवा बदलली असेल."

अध्यक्ष महाराज, आपली चिठ्ठी मला मिळाली. पाच मिनिटं झाली, हे मला दिसतंय. पण मी आत्ता बसलो, तर पुन्हा उठायचं धैर्य मला होणार नाही.

समितीची बैठक झाली, तेव्हा मी हजर होतो. "वय झालं, ऐकू येत नाही, सन्मानाने निरोप द्यावा," असं लिहिलं गेलं, आणि माईकची वायर मीच धरून होतो. मला बायको आहे, तीन मुलं आहेत, नोकरी एकच आहे. हे मी सबब म्हणून सांगत नाही. तेव्हा मनात काय होतं, ते सांगतो आहे. वाटलं, त्यांना सन्मान मिळतोय, शाल मिळतेय, बकरा मिळतोय, मला मात्र नुसतीच लाथ मिळेल. आणि मी गप्प राहिलो.

पण नंतर काय झालं? चिसांगा, तू समोर बसली आहेस म्हणून सांगतो. तुझ्या आईने रेडिओ ऐकणं सोडलं, हे तूच मला सांगितलंस. चुलीवर पाणी उकळलं तरी शेजारणीला विचारतात, "उकळलं का गं?" बाजारात कोणी बोललं की आधी त्याच्या ओठांकडे बघतात. त्यांचे कान चांगले आहेत हो! मी कापूस घातला तो एका संध्याकाळपुरता. त्यानंतर तीन महिने त्यांच्या कानात बसलं होतं ते माझं बोलणं.

काय म्हणालात, आई? जरा मोठ्याने... नाही, माफ करा, तुम्ही कशाला मोठ्याने बोलायचं, मीच पुढे येतो.

सभेला ऐकू गेलं नसेल म्हणून सांगतो. बाना चिसांगा विचारतायत, "ती पोर अंगणात उभी होती, तेव्हा तू चहा घेऊन आला होतास. तेव्हा तुला ठाऊक होतं?"

होय, आई. ठाऊक होतं. म्हणूनच चहा आणला होता.

अध्यक्ष महाराज, मला आणखी तीनच गोष्टी सांगायच्या आहेत. समितीने तो ठराव आज, ही सभा उठायच्या आत, परत उघडावा. त्यातलं कानांबद्दलचं वाक्य खोटं आहे आणि ते खोटं असल्याचा साक्षीदार मी आहे. त्यांना घरी बसायचं असेल तर त्यांनी आपल्या मर्जीने बसावं, माझ्या कापसामुळे नव्हे. दुसरं, स्टुडिओच्या कपाटाची ही किल्ली. मी ती तुमच्यासमोर टेबलावर ठेवतो. ती मला परत द्यायची की नाही, ते तुम्ही ठरवा. आणि तिसरं, शिकापासा आजोबांच्या मुलीला अजून वाटतंय की एका म्हाताऱ्या बाईला ऐकू आलं नाही. तिला खरं काय ते मी स्वतः जाऊन सांगणार आहे.

सिस्टर बेर्नार्डा, आपण वेळ काढून आलात, आभारी आहे. समितीचे, श्रोत्यांचे आणि पहाटेपासून चुलीपाशी असलेल्या मावश्यांचे आभार. समारंभाची चव मी बिघडवली, जेवणाची बिघडू देऊ नका. बोलताना कुणाचा मान राखायचा राहिला असेल, शब्द वेडावाकडा गेला असेल, तर तेवढं सभेने पोटात घालावं.

बाना चिसांगा, तुमची माफी मात्र मी इथे मागत नाही. भरल्या सभेत, गळ्यात हार असताना, माणसाला नाही म्हणता येत नाही. मी उद्या सकाळी तुमच्या दारात येतो. दार उघडायचं की नाही, ते तुम्ही ठरवा.