क्लीनर साइड

मी मूळचा जांभूळचा. बाप भात लावायचा, ते आता धाकटा भाऊ बघतो, मला चिखलात कधी गोडी लागली नाय. उल्हासनगरला कॅम्प दोनमधी एका सिंधी शेठचं गॅरेज होतं, तिथं चिकटलो. शेठ दिवसभर खुर्चीत बसून बोलायचा, पान्याला हात लावायचा नाय, पन म्हनायचा, साईं, गाडी पूरा सच बोलती है, गाडीवाला आधा. आता माजं सोताचं गॅरेज आहे अंबरनाथला. स्टेअरिंग आनि सस्पेन्शन, एवढंच काम करतो, इंजिनला हात लावत नाय.

स्टेअरिंगचं काय असतं, खाली सांधे असतात, आपल्या गुडघ्यासारखे. आत ग्रीस, वर रबराची टोपी. टोपी फाटली की पानी शिरतं, सांधा झिजतो, खुळखुळतो, त्याला आमी प्ले आला म्हनतो. आनि आमच्यात डावी-उजवी कोनी म्हनत नाय. ड्रायव्हर साइड आनि क्लीनर साइड. ट्रकवाल्यांची भाषा ती, ड्रायव्हरच्या शेजारी गाडी पुसनारा पोऱ्या बसतो ना, तो क्लीनर, पन घरातली छोटी गाडी आली तरी तोंडात तेच येतं.

तर बदलापूरहून, मांजर्लीतून एक जोडपं आलं. साहेब कंपनीत सुपरवायझर, रिटायरला आलेले, बाई बालवाडीच्या शिक्षिका. दिवाळी सरली होती, पन त्याआधी पावसाळ्यात त्यांची गाडी सोसायटीत अर्धी चाकं बुडून उभी होती. दुसऱ्या दिवशी सकाळी लेकीला आनायला जायचं होतं जुन्नरला, माळशेज घाटातनं, पहिलटकरीन, सातवा लागलेला. साहेब म्हनाले स्टेअरिंग थरथरतं, माझ्या बाजूलाच आवाज आहे. बाई म्हनाल्या माझ्या पायाखाली पन काहीतरी, तर साहेब म्हनाले, तुला फ्रिजचा पन आवाज येतो. मी आपलं सवयीनं विचारलं, क्लीनर साइडला कोन बसतं?

बाईंचं तोंड उतरलं. मी काय क्लीनर आहे का, म्हनाल्या, आनि समोर चहाच्या टपरीवर जाऊन बसल्या. काय सांगू तुम्हाला, जन्मभर तोंडात घोळलेला शब्द, तो कुनाला लागेल हे ध्यानातच आलं नाय.

गाडी जॅकवर घेतली. साहेबांच्या बाजूचा टायरॉड एंड, म्हंजे स्टेअरिंगचा दांडा चाकाला जोडतो तो सांधा, बोटानं हलत होता. नवा बसवला, अलाइनमेंट केली. दुसरी बाजू हातानं हलवून पाहिली, घट्ट लागली. एकटाच चक्कर मारून आलो, स्टेअरिंग लोन्यावानी. साहेब खूश, चावीला हात पुढं केला. बाई टपरीवरनं उठल्याच नाय. म्हनाल्या, मी या गाडीत लेकीला बसवनार नाय. साहेब म्हनाले, झालं सुरू. तर बाई म्हनाल्या, ती बसनार कुठं? माझ्याच जागेवर ना? मागं बसलं की तिला मळमळतं.

मी म्हटलं साहेब, तुमी चालवा, मी बसतो तिथं. चप्पल काढली, पायाखालची मॅट सरकवली, टाचा पत्र्याला टेकवल्या. एमआयडीसीच्या रस्त्यावर चाक खड्ड्यात गेलं आनि टाचेला लागलं, टक्. आवाज नाय म्हनता येनार त्याला, टोचल्यासारखं. साहेबांना विचारलं, काही कळलं? नाय, म्हनाले.

परत आलो, पहार घालून त्या बाजूचा खालचा बॉल जॉइंट, म्हंजे चाक धरून ठेवतो तो सांधा, उचकला, तर पार ढिला. रबर फाटलेलं, आत ग्रीसच्या जागी गंज आनि मांजर्लीच्या पुराचा गाळ. हा सुटला की चाक आडवं होतं, मग घाटात तुमी स्टेअरिंग कितीही फिरवा, गाडी वळत नाय. मी साहेबांचा हात धरून सांध्यावर ठेवला आनि हाक मारली, ताई, तुमी पहार हलवा. त्या उठल्या, पदर खोचला, हलवली. साहेब वाकलेलेच राहिले. मग म्हनाले, कधीपासनं सांगत होतीस गं. बाई म्हनाल्या, दसऱ्यापासनं.

कॅम्प दोनवरनं नवा पार्ट आनला, बसवला, सकाळी गेले ते.

लेक सुखरूप आली, नातू झाला, बारशाचे पेढे द्यायला दोघं आले तर बाई दारातनंच म्हनाल्या, क्लीनर आलीय. साहेब खाली बघून हसले.

आता माजं वय झालं, सांध्यांवर हातोडा ठोकून ठोकून कानानं कमी येतं. गाडी आली की चप्पल काढून त्या बाजूला बसतो, आनि चालवनाऱ्याच्या आधी शेजारच्याला विचारतो. घरी पन तेच करतो, बायकोला विचारतो काय म्हनत होतीस. ती म्हनते, ऐकू येईनासं झालं तेव्हा बरं विचारायला लागलात. खरं आहे तिचं. त्या पोराला उदंड आयुष्य लाभो, आनि त्याच्या आजीच्या पायाला असंच कळत राहो.