सतरंजीवरचा कान

बसा, बसा माय. भाऊ, दादा, लेकीसुना, सगळे बसा. उन्हातून आले तुमी, कोनी अकोटहून, कोनी मोर्शीहून. मले बोलाले उभं केलं, पन मी काही भाषनवाली बाई नाई. शाळा दुसरीपर्यंत, तेही अर्धीच. अन् बाजूले भाऊजीचा फोटो, हार घालेल. तिकडं पाह्यलं का बोलनं राहून जाईन. म्हून मी तुमच्याकडंच पाहीन.

वसंतभाऊजी माझे चुलत दीर. परतवाड्यात साऊंडचा धंदा. लग्न असो, भागवत असो, सभा असो, स्पीकर त्याईचेच. तुमी म्हनसान, म्हातारी शोकसभेत हासून काहून राहिली? काय करू? त्याईची याद आली का हासूच येते.

माझी नात मयुरी, थे पाहा, तिथं माईकच्या मशीनपाशी बसली. अमरावतीले शिकली पोरगी. तिनं हा आपला हॉल, हाच, जिथं आपन बसलो, सगळाच्या सगळा कॉम्प्युटरात बांधला. भिंती, खांब, सैपाकघराचं दार. छत उचलून बाजूले ठेवलं का वरून आत पाहा. दुपारी आमच्या ओसरीत भाऊजी अन् मयुरी, दोघं आजोबा-नात त्याच्यात गुंग. पंखा फिरे, अन् हॉलही पडद्यावर हळूहळू फिरे. मी संत्री सोलून द्याले बसो अन् माझाच डोळा लागे. वाटे, आपन पाखरू झालो अन् हॉलवरून उडून राहिलो.

आवाज कुठवर पोचते हे पाहाले पडद्यावरच्या हॉलात चार स्पीकर तिनं एका गटात बांधले होते. एकाले धरलं का चारही संगं मान हलवत. मान वाकवली का खाली रंग सांडे. आवाज जोराचा तिथं लाल, चांगला तिथं हिरवा, पोचत नाई तिथं निळा. सगळा हॉल हिरवागार, पऱ्हाटीच्या वावरासारखा. भाऊजी खूश. मले म्हने, "पाहा वयनी, बायाईची बाजूही हिरवी!"

मी म्हनलं, "खोटं आहे भाऊजी. आमाले तं मागं काहीच ऐकू येत नाई. जेवाले उठले का समजते, कार्यक्रम सरला."

दोघाईनं पडद्यावर मागची बाजू जवळ आनली. मग मयुरी म्हने, "आबा, आपन सगळ्याईले खुर्चीवर बसवलं."

खरंच हो! कॉम्प्युटरात आमी बाया खुर्चीवर! अन् इथं? आमी सतरंजीवर, पुढं खुर्च्यांची भिंत, डोक्यावर पदर. भाऊजी उठले, टेप आनला. "वयनी, बसा खाली." मी बसली. जमिनीपासून माझ्या कानापर्यंत मोजलं. थो कान मयुरीनं कॉम्प्युटरात ठेवला, अन् मागची सगळी बाजू निळी झाली. निळीशार, सांजच्या मेळघाटासारखी.

मी म्हनलं, "म्हनजे जन्मभर आमी निळ्याच होतो म्हना की!"

भाऊजी हासले नाई. पह्यल्यांदाच हासले नाई. म्हने, "वयनी, चाळीस वर्स झाले मी स्पीकर लावून राहिलो. एकदा तरी मागं येऊन बसाले पाह्यजे होतं."

मग दुसरा गट केला, लहान, मागच्या खांबावर. त्याची मान खाली, आमच्याकडं. मयुरी सांगे, आवाज चालत येते आजी. पुढचा आवाज मागं येईपर्यंत मागच्या स्पीकरनं दम धराले पाह्यजे, नाईतं एकच शब्द दोनदा ऐकू येते. मले लय आवडलं हे. आवाज चालत येते! पायाची चाहूलही नाई, अन् चालत येते.

मग इथं हॉलात खरोखरचे स्पीकर टांगले. मयुरीनं पुढं माईकवर बोलून पाह्यलं. मी मागून म्हनलं, झ्याक. भाऊजी म्हने, "रिकाम्या हॉलवर भरोसा नाई वयनी. मानसं आवाज पितात, लुगडेही आवाज पितात. हॉल भरला का मी मागं सैपाकघराच्या दारात उभा राहीन, तवा समजन." तेवढाच घोर होता त्याईले. विचारत राहे, कोनाचं लग्न निघालं का गा इथं?

लग्न निघालंच नाई. अन् मागच्या आठवड्यात सकाळी चहा पेता पेता भाऊजी गेले.

आज हॉल भरला. खुर्च्या भरल्या, सतरंजी भरली. तुमी कोनासाठी आले, हे मी सांगाले नोको.

मयुरी, बेटा, रडू नोको. मशीनवर हात ठेव. मी आता हळूच बोलतो, ओसरीत बोलल्यासारखी.

मागच्या बायाओ, सतरंजीवरच्या, दारापाशी बसेल सगळ्या. हे ऐकू येते का? येत असन तं हात वर करा.

...अव माय! किती हात!

काय म्हन्ते थे दारापाशी बसेल शांताबाई? "ऐकू येते, पन तू रडून काहून राहिली" म्हन्ते.

पोचलं भाऊजी. दारापर्यंत पोचलं.

आता सगळे उभे राहा. दोन मिनिटं कोनी बोलू नोका. मयुरी, माईक बंद कर.