हजार लेकरांच्या बापाचं बारसं

मंडळी, ऐका! आज जे सांगणार आहे त्यावर तुमच्यातल्या एकाचाही विश्वास बसणार नाही, आणि ज्याचा बसेल त्याला घरच्यांनी सांभाळून न्यावं! पण आधी एक प्रश्न. धाकटा थोरल्याच्या नावानं ओळखला जातो, की थोरला धाकट्याच्या? बघा, पाटील मान डोलावतायत – होकाराला की झोपेनं, पांडुरंगालाच ठाऊक!

तर कोळवडीचा मलकाप्पा वाणी. शेर, पावशेर, छटाक यांच्यातच त्याचा जन्म गेला. एके दिवशी वजनमापाचे साहेब आले, जुनी वजनं पोत्यात भरली अन् नवी पेटी पुढं ठेवली. मलकाप्पानं थोरलं वजन उचललं. वर नुसतीच अक्षरं – ‘कि.ग्रा.’

"साहेब, हे कोण?"

"किलोग्राम."

"अन् हे चिमुकलं?"

"ग्राम. किलो म्हणजे हजार. हजार ग्रामचा एक किलोग्राम."

"म्हणजे मुख्य हा धाकटाच?"

"छे! मुख्य किलोग्राम. त्याच्यावरून बाकीचे ठरतात."

मलकाप्पा चक्रावला! आपल्यात आज्याचं नाव नातवाला ठेवतात. इथं नातवाचं आज्याला? "मग मुख्याला स्वतःचं नावच नाही?"

साहेब खोकले, टोपी घातली, अन् गेले!

झालं! गिऱ्हाईक येईना. "बिननावाच्या लोखंडानं जोखलेली साखर देवापुढं कशी ठेवायची?" गुळाच्या ढेपी तशाच. मुंगळ्यांना मात्र वजनाची अडचण नव्हती! त्यात तराजूही बिथरला. किलो ठेवला की काटा थांबेचना – सकाळी टाकलेला गूळ दुपारपर्यंत झोके खातोय! आता दुकानाला कुलूप घालायचं, अन् सासऱ्याच्या ओसरीवर जाऊन राहायचं! मलकाप्पा कुलूप शोधू लागला.

तेवढ्यात आली थोरली बहीण, गौराआत्या.

"मलक्या, रडतोस काय? बारसं केलंस का त्याचं?"

"अक्का, लोखंडाचं बारसं?"

"पाळणा बांध!"

बांधला! किलो आत निजवला, घुगऱ्या शिजल्या, बाया जमल्या. वजनाची कडी तोच कान समजून आत्या वाकली – "कुर्रर्र!" – पाठीत धपाधप धपाटे! – "किलोग्राम!"

"पण अक्का, लेकराचं नाव बापाला?"

"मग? तुझ्या बायकोला गाव काय म्हणतं?"

"बसूची आई."

"तिचं स्वतःचं नाव सांग बघू!"

मलकाप्पा आठवू लागला... अजून आठवतोय!

"मुडद्या, हा हजार लेकरांचा बाप," आत्या म्हणाली, "लेकरांच्याच नावानं मिरवणार!"

अन् मंडळी, पाळण्यात किलोनं टाहो फोडला! उचलून तराजूत ठेवला, अन् काटा जागच्या जागी थांबला! बाया पदर सावरत थेट दुकानात – "मलकाप्पा, आधी मला!" सासऱ्याची ओसरी राहिली ओस!

मिळालं उत्तर? तुम्ही छाती काढून बसलाय. कुणी सरपंच, कुणी शेठ. गाव उठून गेलं तर सरपंच कुणाचा? अन् तुम्ही उठलात तर हा बुवा तरी कुणाचा? ज्या चिमुकल्यांच्या जिवावर तुमचं वजन, त्यांचं नाव कधी घेतलंत? घरी जा, अन् बायकोला आज तिच्या नावानं हाक मारा! आठवलं तर! अन् म्हणा, धन्य ती गौराआत्या –

"थांबा बुवा!" बायकांतून एक म्हातारी उठली. "कोळवडीची गौरा माझी सख्खी आई. तिला भाऊच नव्हता! मग ती आत्या कुणाची?"