नकाराचं दार

बायको: ...आणि ते लोकरी मोजे बाहेर काढू नकोस, चिंगे. गेल्या वेळी तिकडच्या थंडीनं पाय फुटले होते तुझे.

लेक: आई, बॅगेची चेन लागत नाहीये. एक तर मोजे जातील, नाही तर मी.

दारवान: कुणीच जात नाही. बॅग रिकामी करा.

बायको: आलात? आधी बूट काढा. आणि चेष्टा सुचते कशी हो तुम्हाला? पोरगी उद्या सकाळच्या गाडीनं लढाईवर निघालीय.

दारवान: लढाई रद्द. प्रस्ताव पडला.

बायको: पडला? रेडिओ दुपारपासून कोकलतोय, युद्धाचा प्रस्ताव प्रचंड बहुमतानं मंजूर म्हणून. मागं बँडसुद्धा वाजतोय.

दारवान: दुपारी तर संरक्षणमंत्री अजून नकाशावर काठी फिरवत होते. मतदान संध्याकाळी झालं.

लेक: म्हणजे बातमी आधीच देऊन टाकली.

दारवान: धोरणाला धरूनच आहे की. शत्रूनं हल्ला करायच्या आधी आपण करायचा, सभागृहानं मत द्यायच्या आधी आपण मोजायचं.

बायको: चिंगे, ऐकलंस का? पडला म्हणतायत.

लेक: ऐकलं. मोजे राहू दे बॅगेत. बाबा, गेल्या वेळी मी पंधरा दिवसांत परत येणार होते. पंतप्रधानांनी स्वतः सांगितलं होतं, टीव्हीवर, हात जोडून. दीड वर्षानं आले. आता कसा पडला ते सांगा, मग बॅग उघडते. फोन सकाळपासून बंद आहेत, रेडिओ खोटं बोलतोय. तुमच्याशिवाय विचारायचं कुणाला?

दारवान: क्रमानं सांगतो.

बायको: तुमचा क्रम नको. घरात चोर शिरला तरी तुम्ही कुलूप कुठल्या दुकानातून आणलं तिथपासून सुरू कराल.

दारवान: मग तूच सांग. तुला अर्धं माहीतच आहे.

बायको: मला? मी दिवसभर घरात होते. पडदे धुतले.

दारवान: बरं. पडद्यांचं नंतर बघू. हे बघ चिंगे, आमच्या सभागृहात हात वर करत नाहीत, बटणं दाबत नाहीत. मत द्यायचं तर जागेवरून उठायचं आणि चालत जायचं. उजवीकडं होकाराचं दार, डावीकडं नकाराचं. दोन्हींच्या मागं एकेक खोली, तिथून पुढं व्हरांडा. जो ज्या दारातून बाहेर पडला, ते त्याचं मत. पायांनी मत द्यायचं, कारण जिभेचा भरवसा नाही, असं जुन्या माणसांना वाटलं असावं.

लेक: हे मला शाळेत शिकवलंय.

दारवान: शाळेत हे नाही शिकवत की नकाराचं दार गेल्या लढाईच्या आधीपासून कुणी उघडलेलंच नव्हतं. सगळे आपले होकाराच्या दारातून. विरोधी पक्षवाले फार तर आपल्या जागेवर बसून राहायचे, तब्येतीचं कारण सांगून. आता मला सांग, एखादी खोली इतकी वर्षं रिकामी पडली तर माणूस काय करेल?

बायको: तुम्ही काय केलंत?

दारवान: थोडं सामान ठेवलं.

बायको: थोडं म्हणजे?

दारवान: मोडक्या खुर्च्या. एक लोखंडी कपाट. चहाचा स्टोव्ह. दुपारी पाठ टेकायला एक बाकडं. मोजे वाळत घालायला दोरी. त्यासाठी खिडकी उघडी ठेवायचो. कपाट सभागृहाच्या दाराला आतून लावून ठेवलं होतं, वारा लागू नये म्हणून; मी व्हरांड्याकडून ये-जा करायचो.

बायको: म्हणजे देशाचा नकार अडवून तुम्ही तिथं झोपा काढत होतात.

दारवान: देशाला नको होता, मला जागा हवी होती. चौकशी केली असती तर मोकळी करून दिली असती.

लेक: बाबा, पुढं.

दारवान: पुढं काय, सकाळपासून भाषणं. संरक्षणमंत्र्यांनी फोटो दाखवले. वरून काढलेले, करड्या रंगाचे. म्हणाले, हा शत्रूचा गुप्त कारखाना. एका सभासदानं भीत भीत विचारलं, हा गेल्या वेळचाच फोटो नाही ना? तर म्हणाले, गेल्या वेळचा आडवा होता, हा उभा आहे.

लेक: गेल्या वेळचा साबणाचा कारखाना निघाला. मी तिथंच होते. आमच्या विमानांनी तो उडवल्यावर मी अँब्युलन्स घेऊन शिरले, तर रस्ताभर फेस. चाकं घसरत होती. जखमींना उचललं की हातातून निसटायचे. दोघं माझ्या गाडीत गेले, अंगाला छान वास येत होता त्यांच्या.

बायको: हे तू कधी सांगितलं नाहीस.

लेक: विचारलंत कधी? आल्या आल्या तू म्हणालीस, वाळलीस. मी म्हटलं, हो.

बायको: बरं. आता सांगितलंस ना. सावकाश सगळं सांग, मी आहे. तुम्ही हो, थांबलात कशाला?

दारवान: मग मतदान पुकारलं. पक्षाचा प्रतोद माहितीय ना, दातओठ खाणारा? कुणी कुठल्या दारातून जायचं हे बघायला बसवलेला माणूस. तो होकाराच्या दाराशी जाऊन उभा राहिला. त्याच्याकडं नुसतं बघून माणसं सरळ चालतात. रांग लागली. आणि तेवढ्यात सरकारी बाकांवरच्या दातांच्या डॉक्टरीणबाई उठल्या आणि डावीकडं चालू लागल्या.

बायको: त्या? त्या तर दोन वाक्यं बोलल्या नसतील इतक्या वर्षांत.

दारवान: आजही नाही बोलल्या. येऊन त्यांनी नकाराच्या दाराला हात लावला. दार हलेना. पुन्हा ढकललं. मग माझ्याकडं बघितलं. अगं, दाढ उपटायच्या आधी बघतात ना तोंडात, तसं.

बायको: मग?

दारवान: समोर सचिव बसले होते. त्यांनी मला टेबलाखालून हात हलवून खुणावलं, नको म्हणून. नुसतं म्हणायचं होतं, दार नादुरुस्त आहे. बाई जागेवर जाऊन बसल्या असत्या, प्रस्ताव एकमतानं गेला असता, मला पुढच्या वर्षी ठरल्याप्रमाणं पेन्शन. मी सचिवांकडं बघितलं, बाईंकडं बघितलं. आणि तेवढ्यात सभापती माझ्याशी बोलले. उभ्या नोकरीत पहिल्यांदा. म्हणाले, दारवान, काय अडचण आहे?

लेक: काय म्हणालात?

दारवान: म्हटलं, महोदय, दारामागं माझा संसार आहे.

बायको: भर सभागृहात?

दारवान: खरं ते सांगितलं. हसले सगळे. पंतप्रधान म्हणाले, बाईंचं एक मत लिहून घ्या आणि आटपा. पण सभापती नियमाचा माणूस. म्हणाले, नकाराचं मत नकाराच्या दारातूनच जाईल, आणि ते दार उघडेपर्यंत होकाराचंही कुणी मोजायचं नाही. रांगेतले सगळे जागेवर परत. मग मी दाराला खांदा लावला. कपाट सरकलं, पण एक माणूस तिरका होऊन जाईल इतकंच. मी आत शिरलो आणि सामान बाहेर द्यायला लागलो. बाईंनी पदर खोचला आणि स्वतः खुर्च्या उचलायला लागल्या. मग एक तरुण सभासद लाजून उठला, मग आणखी दोघं. देशाचं सर्वोच्च सभागृह आणि मधोमध माझा स्टोव्ह, माझं बाकडं. मोज्यांची दोरी अर्थमंत्र्यांनी धरली होती. कुणाचे आहेत, म्हणून विचारत होते.

बायको: धुतलेले होते ना तरी?

दारवान: शेवटी कपाट हललं, दार सताड उघडलं, आणि खिडकीतून समोरच्या चौकातला आवाज थेट आत आला. एरवी आमच्याकडं बाहेरचं काही ऐकू येत नाही, भिंतीच तशा बांधल्यात. आता पुढचं तू सांग.

बायको: मी कशाला? मी पडदे...

दारवान: पडदे खिडकीला तसेच मळके आहेत. तुला मी सकाळी बजावलं होतं, चौकात पाऊल टाकायचं नाही, माझी नोकरी जाईल. आणि आख्ख्या मंत्रिमंडळासमोर मला बायकोचा आवाज ऐकू येतो.

लेक: आई, तू चौकात होतीस? मी डेपोतून आले तेव्हा तर तू घरातच होतीस.

बायको: होते. हे घरी यायच्या आत पोचायला हवं म्हणून निकालाआधीच धावत सुटले, म्हणून तर रेडिओवर विसंबले. शहर लोटलं होतं गं. पोलिसांनी सांगितलं होतं, घोषणा द्यायच्या नाहीत, फलक धरायचे नाहीत, गाणी म्हणायची नाहीत. सगळे मुकाट उभे. एवढी माणसं आणि चप्पल घासल्याचा आवाज. मग तुमच्या डेपोच्या अँब्युलन्स रांगेनं स्टेशनाकडं गेल्या. नवीन रंग लावलेल्या. त्यातली एक तुझी, दारावर पोचा आहे ती. तू आत नव्हतीस, मला माहीत होतं. तरी माझ्या तोंडून गेलं.

लेक: काय गेलं?

बायको: तू लहानपणी खेळायला जायचीस तेव्हा हाक मारायचे तेच. चिंगे, घरी ये गं, जेवायला वाढलंय.

लेक: सगळ्या चौकासमोर चिंगे.

बायको: शेजारी एक म्हातारा होता. त्यानं माझ्याकडं बघितलं आणि त्याच्या नातवाला हाक मारली. मग पलीकडच्या बाईनं. मग काय विचारतेस. पिंट्या, बबड्या, ठमे, सोन्या, घरी या रे. पोलिसांचा मोठा साहेब आला. म्हणाला, घोषणा बंद करा. मी म्हटलं, घोषणा कुठंय साहेब, पोरांना जेवायला बोलावतोय, कुठल्या कलमात बसतं सांगा. त्यानं खूप विचार केला. मग टोपी काढून घाम पुसला आणि म्हणाला, हळू बोलवा. आणि जरा लांब जाऊन त्यानंही कुणाला तरी हाक मारली, मी बघितलं.

दारवान: आत ते सगळं येत होतं, चिंगे. एक एक नाव. भाषण करायला कुणी उठेना. पंतप्रधान म्हणाले, दार लावा. मी म्हटलं, लावतो महोदय, पण बाई अजून गेल्या नाहीत, मतदान चालू आहे. आणि तेवढ्यात एका म्हातारीचा आवाज आला. खणखणीत. गोट्या, पुरे झालं, घरी ये.

बायको: ती माझ्या मागंच होती. काठीवाली. घसा केवढा तिचा.

दारवान: आम्ही सगळे इकडं तिकडं बघायला लागलो, गोट्या कोण. आणि तो प्रतोद, अगं, दाराशी ताठ उभा होता, तो दचकून म्हणाला, आलो मावशी.

लेक: खोटं.

दारवान: कार्यवृत्तात आलंय. सभापतींनी वगळलं नाही.

लेक: मग तो गेला नकाराच्या दारातून?

दारवान: नाही. खाली बसला. कान लाल झाले होते. त्यानं शेवटपर्यंत पक्षाची बाजू सोडली नाही, ते मी म्हणेन. पण चिंगे, त्यानंतर त्याला कुणी घाबरेना. ज्याची मावशी त्याला जेवायला बोलावतेय, त्याला किती घाबरणार? दातांच्या डॉक्टरीणबाई बाहेर पडल्या. त्यांच्या मागं तो खुर्च्या उचलणारा तरुण. मग विरोधी बाकं, आजारी असलेली सगळी, टुणटुणीत होऊन. मग सरकारी बाकांवरून एक एक. अर्थमंत्री मोजे माझ्या हातात देऊन गेले. जाताना सगळे माझ्याकडं बघून मान हलवत होते. मी दार धरून उभा होतो. इतकी वर्षं दार धरलं, पण आज पहिल्यांदा हाताला वजन लागलं.

लेक: आणि मोजणी?

दारवान: सभापतींनी दोनदा करवली. पडला. थोडक्यात पडला, पण पडला. बाहेर जो काही आवाज झाला, मला वाटलं छत येतंय खाली.

बायको: आणि मी तेव्हा इथं मोजे कोंबत बसले होते. तो आवाज मला ऐकायचा होता हो.

(बॅगेची चेन उघडल्याचा आवाज.)

लेक: आई, हे घे. आणि हे. हे डबे वर ठेव. बाबा, ते बूट जरा बाजूला घ्या, मला बॅग उलटी करायचीय.

बायको: अगं हळू. इस्त्री मोडेल.

लेक: मोडू दे.

बायको: हसतेस कशी बघ. किती दिवसांनी. अहो, पण तुमचं काय? नोकरी?

दारवान: सचिवांनी थांबवून घेतलं होतं. म्हणाले, सरकारी जागेत स्टोव्ह ठेवल्याबद्दल खुलासा द्या. म्हटलं देतो. मग म्हणाले, हे लोक पुढच्या अधिवेशनात प्रस्ताव पुन्हा आणणार, तेव्हा ते दार आधीच नीट बंद करून ठेवा.

लेक: म्हणजे पुन्हा आणणार.

दारवान: आणतील. त्यांना दुसरं येतं काय? पण दार बंद होत नाही आता. मी खांदा लावला तेव्हा वरची बिजागरी उखडली, चौकट फुगलीय, अर्ध्यावर येऊन अडकतं. सचिवांनी लगेच सुताराला बोलावलं.

बायको: मग? करेल तो दुरुस्त.

दारवान: त्याची दोन्ही मुलं राखीव दलात आहेत. दार बघितलं, चौकट बघितली. म्हणाला, सवडीनं बघू.