दुसऱ्या गालावरचा तीळ

धाकटा : कोड आला का, ताई?

ताई : आला.

धाकटा : मग सांग ना. इथे लाल पट्टी झळकतेय. आज या फोटोच्या सॉफ्टवेअरचे पैसे भरले नाहीत तर सगळं बंद.

ताई : आई कुठेय?

धाकटा : आत. पडलीय जरा. कोड सांग.

ताई : पडलीय म्हणजे?

धाकटा : पडलीय म्हणजे आडवी झालीय. दुपारी माणूस आडवा होत नाही का? ताई, शाळेचे वर्गफोटो उद्या सकाळी द्यायचेत. निम्म्या पोरांनी डोळे मिटलेत, त्यांना उघडे डोळे लावायचेत. हे बंद पडलं तर काय, ब्रश घेऊन हातानं रंगवत बसू?

ताई : रंगवण्यात तू पटाईत झालायस, असं कळलंय मला.

धाकटा : म्हणजे?

ताई : गेला बघ कोड. मुदत संपली. नवा मागव.

धाकटा : तू मुद्दाम करतेयस का हे?

ताई : हो.

धाकटा : हे बघ, चिडायचं असेल तर नंतर चीड. इथलं कार्ड त्या परदेशी कंपनीला चालत नाही, त्याला मी काय करू? किती वेळा बँकेत जाऊन आलो. तिथली बाई म्हणते, परकीय चलनात दर महिन्याला आपोआप पैसे कापायची सोय या कार्डावर नाही. एकदा कसेबसे गेले, तर वर चलन बदलल्याचा भुर्दंड. म्हणून तर तूच म्हणालीस, खातं माझ्या नावानं उघड, माझं कार्ड लाव, त्याच्या बदल्यात तू आईचं बघ.

ताई : आईचं तू बघ. अगदी हेच म्हणाले होते. आणि कसं बघितलंस रे?

धाकटा : बघतोय की.

ताई : जुनं कार्ड संपलं म्हणून नवं टाकायला काल त्या खात्यात शिरले. आजवर कधी शिरलेच नव्हते. वाटलं, नुसती बिलं असतील. तर तिथे तुझं अख्खं दुकान. लग्नं, शाळा, कुणाकुणाची कुत्री. आणि आई. कार्ड टाकायचं राहूनच गेलं, ते आज टाकलं.

धाकटा : ताई...

ताई : थांब. खातं माझ्या नावावर आहे, तू काढलेला प्रत्येक फोटो तिथे जाऊन बसतो, हे विसरलास ना?

धाकटा : विसरलो.

ताई : आणि मूळ फोटो कधी पुसला जात नाही, हे तर तूच शिकवलं होतंस मला. काय ऐटीत सांगितलं होतंस, वरून काहीही करा, खाली मूळ तसंच्या तसं! एक बटण दाबलं की आधीचा, पुन्हा दाबलं की नंतरचा. काल तेच करत बसले होते मी. एकदा आई दिसायची, एकदा कोण जाणे कोण.

धाकटा : नवा कोड मागवलाय.

ताई : आलाय. केस कधी गेले तिचे?

धाकटा : फोनवर नको ना.

ताई : मग कशावर? कबुतर पाठवू? ऑफिसच्या जिन्यात उभी आहे मी. येणारे-जाणारे बघतायत. बोल.

धाकटा : दुसरं सलाइन झालं, त्यानंतर.

ताई : कसलं सलाइन?

धाकटा : तुला कळलंय सगळं.

ताई : तुझ्या तोंडून ऐकायचंय मला.

धाकटा : गाठ होती. पोटात. काढली. आता औषध चढवतायत. लागू पडतंय की नाही, ते पुढच्या महिन्यात सांगणार आहेत.

ताई : कधी कळलं होतं?

धाकटा : तू नवं घर दाखवलंस ना फोनवरून, त्या आठवड्यात.

ताई : पडदे दाखवत होते मी तिला. ती म्हणाली, निळे घे, डोळ्यांना बरे.

धाकटा : रिपोर्ट मांडीवर होता तेव्हा तिच्या.

ताई : आणि मी मूर्ख! आई व्हिडिओवर का येत नाही, तर म्हणे फोनचा कॅमेरा बिघडलाय. फोटोग्राफरच्या घरात कॅमेरा बिघडतो आणि महिनोन्‌महिने दुरुस्त होत नाही! मी म्हटलं, दिव्याखाली अंधार, चालायचंच. मग तो वाढदिवसाचा फोटो आला. आईच्या दोन्ही गालांवर तीळ. तरी मी स्वतःची समजूत घातली, वय झालं की येत असतील तीळ.

धाकटा : डावा गाल फार आत गेला होता. जुन्या फोटोतला उजवा उलटा करून बसवला. तीळ पुसायचा राहिला.

ताई : लोकांचे बरे पुसतोस आठवणीनं.

धाकटा : लोकांचे पुसताना समोर आपली आई नसते! तू करून बघ एकदा. दिवसभर गिऱ्हाइकांची पोटं आत घ्यायची आणि मग दुकान मिटवून आईला जाड करायचं. तुला पाठवायला. तुझा अंगठा यायचा, "मस्त दिसतेय आई". ते तिला वाचून दाखवायचं.

ताई : मग सांगायचं होतंस मला!

धाकटा : शपथ घातली होती तिनं. तिथे कायमचं राहायच्या कागदांसाठी तुझा अर्ज गेलाय. मध्येच देश सोडलास तर सगळं पुन्हा पहिल्यापासून. म्हणाली, तिच्या हातात कागद पडेपर्यंत तोंड शिवून ठेव.

ताई : आणि तोवर काही बरंवाईट झालं असतं म्हणजे? माझ्या हातात कागद आणि आई भिंतीवर, चौकटीत. तेव्हाही गाल भरून दिला असतास मला?

धाकटा : ताई, बास.

ताई : सांग ना. तीळ पुसून दिला असतास का निदान?

धाकटा : बास म्हटलं ना! मी काय मजेनं केलं ते?

(आतलं दार करकरतं.)

आई : कोणाशी भांडतोयस रे एवढं?

धाकटा : ताई आहे. तू कशाला उठलीस?

आई : एवढ्या आरड्याओरड्यात मेलेलं माणूस उठेल. काय झालं?

धाकटा : तिला कळलंय.

आई : बोललास ना शेवटी?

धाकटा : मी नाही बोललो. तिनं फोटो बघितले. खरे.

आई : तरी सांगत होते, गाल एवढा भरू नकोस. माझ्या लग्नातसुद्धा मी इतकी गुबगुबीत नव्हते. दे इकडे फोन, स्पीकरवर टाक.

ताई : आई...

आई : आधी माझं ऐक. त्याला ओरडायचं नाही. मी शेजारी खुर्ची टाकून बसायचे आणि करवून घ्यायचे त्याच्याकडून. ओठांना रंग किती, तेही मीच सांगितलं. तो नको नको म्हणत होता.

ताई : मला का नाही सांगितलंस?

आई : तू आली असतीस.

ताई : अगं, मग!

आई : मग काय? तिथे लोकांची भांडी घासलीस, पहाटेच्या थंडीत दुकानं झाडलीस, कशासाठी? त्या एका शिक्क्यासाठी ना? ते सगळं माझ्यापायी पाण्यात घालू? आणि मी खडखडीत बरी झाले असते, तर उलट मलाच म्हणाली असतीस, आई, उगाच बोलावलंस.

ताई : आणि बरी नाही झालीस तर?

आई : तेवढा विचार माझ्याच्यानं झाला नाही गं.

धाकटा : ताई, हाही कोड जाईल आता.

ताई : लिही. नऊ, शून्य, चार, चार, एक, सात.

धाकटा : एक, सात. टाकला. फिरतंय.

आई : किती फिरतं ते?

धाकटा : परदेशात जाऊन यायचं असतं त्याला. थांब. अरे! नाकारलं.

आई : काय नाकारलं?

धाकटा : कार्ड. मर्यादा संपली म्हणतंय. ताई, नवंकोरं कार्ड ना हे? आत्ताच मर्यादा कशी संपली?

ताई : मला वाटलं, तुझ्यापुरतं उरलं असेल. सकाळी तिकीट काढलं त्याच्यावर.

धाकटा : कसलं तिकीट?

ताई : विमानाचं. शुक्रवारी निघतेय.

धाकटा : तुझं ठरलंच होतं? मग मघापासून माझा जीव का खात होतीस?

ताई : तुझ्याकडून ऐकल्याशिवाय निघायचं नव्हतं मला. घरी येऊन तुझ्याशी अबोला धरायचा नव्हता.

आई : अगं, पण तुझे कागद!

ताई : पुन्हा उभी राहीन रांगेत. रांग कुठे पळून जातेय?

आई : वेडी आहेस का? एवढी वर्षं...

ताई : आई, तिकीट निघालंय. परत होत नाही ते. मुद्दामच तसलं काढलं. स्वस्तही पडलं.

धाकटा : आणि शाळेचं काय करू मी?

ताई : टेबलाशेजारची मैत्रीण आहे माझी, तिचं कार्ड मागते. संध्याकाळच्या आत भरते, घाबरू नकोस. पोरांना डोळे लाव. आईला मात्र आता काही लावायचं नाही.

धाकटा : नाही लावणार.

आई : येतेच म्हणतेस तर एक कबूल कर. दारात मला बघून रडायचं नाही. मला ते नाही सोसायचं.

ताई : मूळ फोटो बघितलेत ना मी, आई. काल सगळं रडून झालंय.

आई : मग ये.