दारावरचा झरोका

नाही, असं उंबऱ्यावरून बघून कसं कळेल विहीणबाई, आत या ना — मोरेनांनी काय सांगितलंय, आजोळच्या बाईनं स्वतःच्या डोळ्यांनी घर बघावं, पोर इथे हिवाळा काढेल का ते बघावं, मग सेइपाती कुणाकडे राहील ते मी सांगतो, गावचा प्रमुख म्हणून. मग बघा की नीट. बसा त्या मेंढीच्या कातड्यावर. माझे हात शेणाचे आहेत म्हणून हात देत नाही, राग नका मानू. आणि ती खेळू दे बाहेर, मेंढरांत रमलीय, तुमच्याकडे खाली सपाटीवर कुठे मिळतात तिला मेंढरं. अकरा महिन्यांत उंच झाली हो. आल्या आल्या मी तिला ओळखलंच नाही, म्हटलं ही कुणाची पोर — खोटं कशाला बोलू, ओळखलं, पण थोडा वेळ लागला. हल्ली सगळ्यालाच थोडा वेळ लागतो मला.

हे बघा, छप्पर शाकारून घेतलं एप्रिलातच, गवत स्वतः कापलं, वळचणीला हात घालून बघा, कुठे बोट शिरतंय का. भिंती दोनदा लिंपल्या. आतून तिसरा हात चाललाय — हा एवढा तुकडा राहिलाय, तुम्ही बोला, मी लिंपते, नाहीतर शेणमातीचा काला वाळतो. जळण बघितलंत ना येताना? गोठ्यातल्या शेणाच्या लाद्या, कुदळीनं कापून काढल्या, उन्हात उलटसुलट करून वाळवल्या, माझ्या डोक्याइतकी उंच रास आहे. मक्याची कणगी भरलीय. घोंगड्या तीन आहेत, त्यातली नवी तिला. मे संपत आलाय, जून म्हणजे आपला ऐन हिवाळा, आठ-दहा दिवसांत त्या समोरच्या डोंगरावर बर्फ दिसेल, पण ह्या घरात पोर गारठणार नाही, एवढं मी मोरेनांपुढे सांगू शकते. आणि खरं म्हणजे मोरेनांकडे जायचंही कारण नव्हतं, लग्नात आम्ही गुरं दिली आहेत तुम्हाला, गुरं दिली की मूल आमच्या घराचं, हे काय मी तुम्हाला सांगायला हवं? पण मी म्हटलं, असू दे, त्यांचीही लेक गेलीय. बघू दे त्यांना.

हो, हेच घर. ह्याच घरात गेली दोघं, माझा लेफा आणि तुमची लेक मासेइपाती. मी आणि पोर तेव्हा पलीकडे स्वयंपाकाच्या खोपटात निजायचो, ते खोपट ऑगस्टच्या वाऱ्यानं बसलं, तर आता एवढं एकच घर आहे. भीती? नाही वाटत. खरं सांगू का, काहीच वाटत नाही. मयताच्या दिवशी बायका मला धरून होत्या, ही कोसळेल म्हणून, आणि मी मनात म्हणत होते, यांना मक्याच्या पिठाचा पापा पुरेल का, पीठ अजून शिजवायला हवं. माझा एकुलता एक मुलगा हो. पाय थंडीनं बधिर झाला की टोचून बघतो ना आपण — मी बघितलंय टोचून, नाही लागत.

कोळसा? नाही, कोळशाचा एक खडा नाही घरात, हवं तर शोधा. तो लेफानंच आणला होता मागच्या जूनमध्ये, खाणीवरून सुट्टीवर येताना, पोतंभर, हौसेनं. आणि ती पत्र्याच्या डब्याची शेगडी, भोकं पाडलेली. शेणाच्या आगीचं कसं असतं, धूर होतो, डोळे चुरचुरतात, माणूस आपणहून दार किलकिलं ठेवतं. कोळसा लाल झाला की ना धूर ना वास. आम्ही जन्मभर धुराकडे बघून आग ओळखणारी माणसं — धूर नाही म्हटल्यावर भ्यायचं कशाला? लेफाला ठाऊक होतं पण, बंद घरात तो जीव घेतो ते. खाणीवर शिकवतात ते. शेगडी त्यानं बाहेर अंगणात ठेवली, कोळसा पार लाल होईपर्यंत, मग आत. आणि म्हणाला, वारा यायला जागा पाहिजे.

काय? हो — शेगडी बाहेरच ठेवली होती त्यानं. पूर्ण लाल होईपर्यंत. त्या रात्री. नाही, म्हणजे — लोक काय म्हणाले ते वेगळं. लोक म्हणाले, सुनेला थंडी सोसेना, कोळसा काळा असतानाच तिनं शेगडी आत ओढली. असं म्हणतात लोक.

तो ना? दारावरचा? तो झरोका आहे. राहू दे तो तसाच. वारा येतो, ठाऊक आहे मला, तिथून सरळ अंथरुणावर येतो. काला संपला होता तिथवर येईस्तो — नाही, काला आहे की, हा काय समोर. पाखरं येतात तिथे. पाखरंही नाही येत. आमच्या ह्यांनी घर बांधताना ठेवला तो, मूठभर, म्हणायचे घरालाही नाक पाहिजे. तीस हिवाळे मी कुरकुरले त्या झरोक्यापायी, आणि हे असेपर्यंत हात लावू दिला नाही त्यांनी. मागच्या वर्षी हे नव्हते. लेफा यायचा होता, म्हटलं यंदा लेकाला उबेत निजवते, आणि तो यायच्या दिवशी सकाळी शिडी लावून लिंपून टाकला. आतून-बाहेरून. त्यावर बोटांनी नक्षीसुद्धा काढली. मासेइपाती खाली घमेलं धरून उभी होती. ती म्हणाली, आई, तो एवढा राहू द्या ना. एवढंच म्हणाली. मी म्हटलं, तीस वर्षं मी हे घर लिंपतेय, आता तू शिकव मला. मग ती काला मळत राहिली.

बसा, उठू नका. आता तोंड उघडलंय तर होऊ दे. संध्याकाळी तो अंधार पडल्यावर पोचला, जेवायला बसलो, लेफा म्हणाला, आपल्या घराला काळजी नाही, आबांचा झरोका आहे. माझ्यासमोर म्हणाला. घास हातात होता. मासेइपातीनं मान वर करून माझ्याकडे बघितलं — मी सांगावं म्हणून बघितलं — आणि मी कालवणात चमचा फिरवत राहिले. का? ते मी अकरा महिने विचारतेय स्वतःला. काही मोठं कारण नाही हो. सकाळी सुनेपुढे ताठ्यानं बोलले होते, संध्याकाळी तिच्याचपुढे चुकले म्हणायला जीभ वळेना. म्हटलं उद्या फोडीन गुपचूप. एका रात्रीनं काय होतंय.

आत गेल्यावर तिनं त्याला सांगितलं असेल? नसेलच. सासूनं केलेलं नवऱ्याच्या कानाला लावायचं नाही, सासूच्या हातचं बदलायचं नाही — तुम्हीच तसं वळण लावलं होतं तिला. चांगलं वळण लावलंत तुम्ही. माझ्यापुढे कधी आवाज चढला नाही तिचा.

सकाळी दार उघडलं नाही. उन्हं अंगणात आली तरी नाही. आणि मी काय केलं, सांगते — मी दार नाही ठोठावलं. आधी शिडी लावली आणि झरोका फोडला. म्हणजे मला ठाऊक होतं ना? ठोठावायच्या आधीच ठाऊक होतं. ढेकळं ओटीत भरून गोठ्यात टाकली, शिडी जागेवर ठेवली, मग हाका मारल्या. लोक आले तेव्हा झरोका उघडा होता, सगळ्यांनी बघितला. कुणीतरी म्हणालं, झरोका तर उघडा आहे, मग कसं झालं? तेव्हा मी म्हटलं. लोकांनी नाही, मीच म्हटलं. पहिल्यांदा मी म्हटलं — सुनेला थंडी सोसेना, शेगडी लवकर ओढली तिनं. ती काही उठून नाही म्हणणार नव्हती.

आणि तुम्ही मयताला आलात तेव्हा माझे दोन्ही हात धरलेत. आठवतंय ना? म्हणालात, माझ्या लेकीच्या हातून तुमचा मुलगा गेला, तिला माफ करा. सगळ्यांसमोर. मी म्हटलं, केलं माफ. बायका माझ्याकडे बघून म्हणाल्या, मालेफाचं, लेफाच्या आईचं, मन केवढं मोठं.

रडू नका असं मी म्हणणार नाही, रडा. मला जमत नाही, तुम्ही रडा.

मघाशी आत यायच्या आधी तुम्ही पाण्याला गेला होतात तेव्हा सेइपाती माझ्याजवळ आली. म्हणाली, आजी, आईला फार थंडी वाजायची का गं? म्हणून का तिनं शेगडी आत आणली? पोरं काय, मोठी माणसं बोलतात ते ऐकत असतात. मी तिला म्हटलं, जा, मेंढरं बघ. सहा वर्षांच्या पोरीला उत्तर देता आलं नाही मला, आणि मी तिला वाढवायला निघाले होते.

घेऊन जा तिला. मोरेनांना सांगा, घर चांगलं आहे, जळण आहे, मका आहे, बाई चांगली नाही. बाकीचं मी स्वतः जाऊन सांगेन, आज नाही जमलं तर उद्या, पण सांगेन. गुरांचं काही मनात आणू नका, मूल तुमचं. घोंगडी तेवढी न्या.

आणि वाटेत तिला सांगा. आईनं काही केलं नव्हतं, आजीनं केलं, असं सांगा. मला नाही जमणार, माझी जीभ आयत्या वेळी कशी होते ते ऐकलंत तुम्ही. तुम्ही सांगा. आजच सांगा, आणखी एक दिवससुद्धा तिनं आईवर दोष ठेवू नये.

नाही, मी नाही बाहेर येत. तिला हाक मारा आणि निघा. दुकानापाशी गाडी फार वेळ थांबत नाही. जा, विहीणबाई.