शुल्क भरून आलेली डाळ

हिंगोली डेपोत पुण्याच्या गाडीच्या दारात कंडक्टरनं एका शेतकऱ्याची गोणी अडवली.

"काका, यात काय?"

"तूरडाळ. लेकीकडं नेऊन राहिलो."

"लगेज लागंल."

"आफ्रिकेची तूर येते, तिला सरकारनं आयात शुल्क माफ केलं. अन् माझ्या डाळीला हिंगोलीतच लगेज?"

"ती एसटीनं येत न्हाई. आली तर तिलाबी लावतो."

"लेकबी म्हणते, बाबा, इथं बाहेरदेशची स्वस्त भेटते, आणू नका."

"मंग काहून नेता?"

"लेकच ती खाऊ लागली, तर मी पेरू कोणासाठी?"

"बराबर हाय. पण माफी माझ्या हातात न्हाई, काका."

"मंग फाडा लगेज. लेकीला पावतीच दाखवतो. म्हणतो, शुल्क भरून आलेली हाय, आता तरी शिजव."